दुखणं करंगळीचं, मूळ सीटखाली

सायकलने साताऱ्याला जाऊन पुण्याकडे परतताना शिरवळच्या टपरीवर चहा सांगितला, बिस्किटाचा पुडा घेतला आणि तो मला फाडता येईना. पैसे द्यायला पाकीट काढलं, तर वीसच्या दोन नोटा एकमेकींपासून सुट्या होईनात. उमेदीची बारा वर्षं मी बँकेच्या कॅश खिडकीत नोटा मोजण्यात घालवली आहेत. टपरीवाल्यानेच पाकिटातले पैसे घेतले, वर पुडाही फोडून दिला. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडची तयारी चालली होती: साडेतेरा तासांत दोनशे. पायांची तयारी झाली होती. हातांचा विचार केला नव्हता. त्यानंतरच्या वर्षभरात जे कळलं, ते असं.

१. कोणतं बोट झोपलंय ते आधी बघा. 'हाताला मुंग्या येतात' एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधोमध जाणारी नस दाबली जात असते. माझी करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका जात होती. ही नस वेगळी. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की झिणझिण्या येतात, ती हीच. ती करंगळीच्या बाजूने मनगटातल्या एका अरुंद बोळातून तळहातात उतरते. ग्युयों नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने 1861 साली त्या बोळाचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. आपण हँडलवर तळहाताची जी गादी टेकवतो, तो बोळ नेमका तिच्याखाली येतो.

२. ग्लोव्हज आधी घेऊ नका. मी घेतले, जाडजूड जेलचे. जेलचा उंचवटा नेमका नको तिथे रुतायचा, आणि जाडीमुळे हँडल आणखी आवळून धरावं लागायचं. पातळ ग्लोव्हज घामासाठी, पडझडीसाठी जरूर वापरा. जाड गादीला मात्र औषध समजू नका.

३. सीट बघा. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. शिरवळच्या त्या चहाच्या आधीच्या वर्षी मला भलतीकडेच बधिरपणा जाणवायचा (कुठे, ते सायकलवाल्यांना सांगायला नको), म्हणून मी स्वतःच एल-की घेऊन सीटचं नाक खाली झुकवलं होतं. तो त्रास थांबला आणि मी स्वतःवर खूश झालो. पण उतरत्या सीटवर माणूस दिवसभर पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. खंबाटकीच्या चढात कळत नाही. परतीच्या सपाटीवर वाकून बसलं की सगळा भार तळहातांवर. माझ्या मेकॅनिकने सीटवर पाणसळ ठेवली, तर बुडबुडा पार एका टोकाला. सीट सपाट केली, हँडल दोन स्पेसर वर घेतलं आणि 110 चा स्टेम काढून 90 मिलिमीटरचा बसवला. घरी ट्रेनरवर पेडल मारता मारता दोन्ही हात हँडलवरून अलगद उचलून पाहिले. आधी मी नाकावर आलो असतो, आता धड जागेवर राहिलं. ही परीक्षा फुकट आहे, पण रस्त्यावर करू नका.

सीट सपाट झाल्यावर तो जुना, न सांगण्याजोगा त्रास परत आला का? आला. त्यासाठी मधे खाच असलेली सीट घ्यावी लागली. एका ठिकाणची चूक दुसरीकडे ढकलून मी वर्षभर सायकल चालवत होतो.

४. हात एका जागी ठेवू नका. हूड, वरचा आडवा दांडा, खालचा ड्रॉप, पुन्हा हूड. मी किलोमीटरच्या दगडाशी सांगड घातली आहे: दगड दिसला की हात हलला. सरळ हँडल असेल तर टोकाला छोटी शिंगं लावून घ्या, दुसरी पकड मिळते. मनगट मागे मुडपलेलं नको, कोपर ताठ नको. पसरणीच्या उतारावर ब्रेक धरून धरून मूठ आवळली जाते, तिथे वळणाआधी ब्रेक मारून मधे बोटं सैल सोडायची.

५. टायरात हवा कमी भरा. 25 च्या टायरात 110 पीएसआय भरून मी मिरवत होतो आणि हायवेवरचा प्रत्येक रंबलर मनगटात मोजत होतो. आता 28 चे टायर, 80 च्या आत.

६. पोट. सुटलेलं पोट आणि ढिली कंबर धड पेलत नाहीत, मग ते काम हात करतात. रोज प्लँक. कंटाळवाणं आहे, इलाज नाही.

७. मुंग्या सायकलवरून उतरल्यावर अर्ध्या तासात गेल्या तर वरचं सगळं करून बघा. दुसऱ्या दिवशीही बोट बधिर असेल, शर्टाचं बटण लागत नसेल, कुलपात किल्ली फिरत नसेल, तर डॉक्टर गाठा. मी तीन आठवडे 'जाईल आपोआप' म्हणत बसलो. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरायला लावला आणि सहज ओढून घेतला. रक्तही तपासलं, साखर आणि बी-12 दोन्ही. बी-12 कमी निघालं, शाकाहारी माणसाचं नेहमीचं. सायकल दोन महिने बंद. करंगळीची जाण आधी परत आली, पकड त्यानंतर बरीच उशिरा.

ते जेलचे ग्लोव्हज अजून कपाटात आहेत, जवळजवळ नवे. कुणाला हवे असतील तर न्या, पण आधी सीटवर पाणसळ ठेवून या.