नेमबाजी आणि आत्मसंरक्षण : शाळेची निवड

शस्त्र चालविण्याचे किंवा आत्मसंरक्षणाचे शिक्षण देणारी शाळा पारखून घेणे हे वैद्य पारखून घेण्याइतकेच जिकिरीचे काम आहे. वैद्याचे निदान चुकले तर ते रोग्याच्या पुष्कळदा ध्यानात येते. येथे मात्र शिकविणारा चुकला आहे हे शिष्याला संकटाच्या क्षणापर्यंत कळत नाही.

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या गुरुग्राम, नॉयडा, गाझियाबाद, फरीदाबाद या शहरांत अशा शिक्षणाची मागणी मोठी आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर ती विशेष वाढली. भयातून आलेला ग्राहक प्रश्न कमी विचारतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. म्हणून शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी वाचकाने स्वतःलाच एक प्रश्न विचारावा : मला नेमके काय हवे आहे? खेळ म्हणून नेमबाजी, परवान्यासाठी लागणारे प्रशिक्षण आणि रस्त्यावर अंगावर कोणी चालून आल्यास सुटका करून घेण्याची विद्या, या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. एकाच फलकाखाली तिन्ही विकणारी संस्था तिन्ही चांगल्या शिकवीत असेल असे मानण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून येथे शोध घेणारा मनुष्य फसण्याचा संभव असतो. तेथे १९७६ साली जेफ कूपर यांनी ॲरिझोना राज्यात पिस्तूल शिकविणारी शाळा काढली आणि सामान्य नागरिकाने स्वसंरक्षणासाठी पिस्तूल शिकावे ही कल्पना तेथे रुजली. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांची चौकट आहे. २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोहोंहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत, आणि लग्नाच्या वरातीत हर्षभराने बार काढणे हाही त्या दुरुस्तीने शिक्षापात्र गुन्हा ठरविला आहे. परवाना मागणाऱ्याने शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखलाही द्यावा लागतो. परंतु दाखला म्हणजे परवाना नव्हे. परवाना देणे न देणे हा सरकारी अधिकाऱ्याचा प्रश्न आहे. ‘आमच्याकडे शिका, परवान्याचे आम्ही पाहून घेऊ’ असे म्हणणाऱ्या शाळेच्या पायऱ्या तत्काळ उतराव्यात हे बरे.

खेळाची वाट त्या मानाने सरळ आहे. दक्षिण दिल्लीत तुघलकाबादजवळ डॉ. कर्णीसिंग नेमबाजी संकुल आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याचे नूतनीकरण झाले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते बिकानेरचे महाराज पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले होते. या खेळाची मध्यवर्ती संस्था, राष्ट्रीय रायफल संघ, १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर होते, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाजांना परिचित आहे. ज्या क्लबचा राज्य संघाशी संबंध आहे तो निदान कोणाला तरी उत्तरदायी असतो. हा संबंध फलकावरून नव्हे, तर संघाकडे विचारणा करून पडताळावा.

यानंतर शाळा प्रत्यक्ष पाहावी, आणि पैसे भरण्यापूर्वी एक पूर्ण तास मागे बसून पाहावी. पाहण्यासारखे पुष्कळ असते. नळी कोणत्या दिशेला आहे याकडे प्रशिक्षकाचे लक्ष सतत असते काय? नेम धरेपर्यंत शिष्याचे बोट चापापासून दूर राहते काय? ‘थांबा’ म्हणताच सारी रांग क्षणात थांबते काय? कोणी लक्ष्यापाशी गेला असता मागे शस्त्राला हात लावू दिला जातो काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. डोळ्यांना चष्मा आणि, काडतुसांची बंदूक असल्यास, कानांना संरक्षण सर्वांना आहे की केवळ चार जणांपुरते, तेही पाहावे. बंदिस्त मैदानात शिशाची धूळ उडते. हवा बाहेर काढण्याची सोय आणि सरावानंतर हात धुण्याची शिस्त नसेल तर ती हयगय लहान मुलांना विशेष बाधते.

चांगला प्रशिक्षक नवख्याच्या हाती पहिल्याच घटकेला भरलेले शस्त्र देत नाही. तो उभे राहणे, श्वास आणि चापावरील बोटाचा दाब शिकवितो, आणि गोळीविना चाप ओढण्याचा सराव कंटाळा येईपर्यंत करून घेतो. हा कंटाळा शुभलक्षण समजावे. सुरुवात बहुधा दहा मीटरवरील एअर रायफलने होते. तिच्या निशाणातील मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. ज्या शाळेत पहिल्या दिवशी पिस्तुलासह छायाचित्र काढून दिले जाते तेथे छायाचित्रापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

आत्मसंरक्षणाच्या वर्गाची परीक्षा निराळी. तेथे कराटेचा पट्टा कोणत्या रंगाचा, हे पाहून भागत नाही. जोडीदार मुकाट्याने हात पुढे करतो आणि शिष्या तो पिरगाळते, असा सराव दिसण्यास सुंदर असला तरी हल्लेखोर मुकाट उभा राहत नाही. जोडीदार प्रतिकार करतो, ढकलतो, धरून ठेवतो अशी तालीम हळूहळू वाढत्या जोराने होते काय, हे विचारावे. धोका आधी ओळखणे, मोठ्याने ओरडणे, अंतर ठेवणे आणि पळून जाणे यांना जो वर्ग कमीपणा मानतो तो अपुरा होय. तीन दिवसांत निर्भय करण्याचे आश्वासन तर केवळ घातक आहे. खोट्या आत्मविश्वासाने मनुष्य जेथून निघून गेला असता तेथे थांबतो.

कायद्याचे ज्ञानही वर्गात मिळाले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि पोलिसांकडे जाण्यास अवसर असेल तेथे हा हक्क उरत नाही. पडलेल्या माणसाला पुन्हा मारावयास शिकविणारा गुरू शिष्याला तुरुंगाची वाट दाखवीत असतो.

स्त्रियांच्या वर्गात स्पर्शाविषयी आधी विचारले जाते काय, मध्येच थांबण्याची मुभा आहे काय, याची चौकशी निःसंकोचपणे करावी. शुल्क परवडत नसेल तर दिल्ली पोलिसांचा महिला व बालक विशेष विभाग मुलींसाठी विनामूल्य वर्ग घेतो. शाळा-महाविद्यालयांमार्फतही ते भरविले जातात.