गृहपाठ मुलाचा, उत्तरही मुलाचंच

 

संध्याकाळ झाली की परिवाराच्या ग्रुपवर वह्यांचे फोटो येऊ लागतात. "सातवीचं इंग्रजी आहे, कुणीतरी उत्तर पाठवा, उद्या तपासणार आहेत." कुणी ना कुणी लगेच पाठवतंही. सेवा म्हणून ते चांगलंच. पण मुलाच्या पदरात काय पडतं, ते आज पाहू.

आधी जीवनकौशल्यांचा विषय. जागतिक आरोग्य संघटनेने अशी १० मूलभूत कौशल्यं सांगितली आहेत: स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं, निर्णय घेणं, ताण आणि भावना हाताळणं वगैरे. वहीत प्रश्न येतो, "परीक्षेत मित्र उत्तर दाखव म्हणाला तर तू काय करशील?" घरातून ठरलेलं उत्तर सांगितलं जातं: मी बाईंना सांगेन. मुलाला मात्र आतून ठाऊक असतं की आपण दाखवणार, कारण नाही दाखवलं तर उद्या डबा खायला सोबत कोण? खरा अभ्यास या 'कारण'पाशी सुरू होतो. तयार उत्तर उतरवून मूल एवढंच शिकतं की वहीत एक लिहायचं आणि वागायचं वेगळं. त्याला खरं बोलू द्या, लगेच रागावू नका. मग विचारा: मैत्री न तोडता नाही कसं म्हणशील? परीक्षेआधी त्याला शिकवायला बसशील का? गीतेत सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात भगवंतांनीसुद्धा निर्णय अर्जुनावरच सोडला: पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. आपण मात्र सातवीच्या पोराला पेन्सिल धरून लिहायला लावतो!

हे बोलणं मराठीतच होऊ द्या. बेळगावात बाहेर कन्नड, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, वर शाळेचं इंग्रजी. मनातलं सांगायला घरची भाषाच जवळची. नंतर तेच वाक्य इंग्रजीत न्यायचं. तिथे शब्दांपेक्षा रचना जास्त अडते. "मी मित्राला मदत करीन" यात क्रियापद शेवटी आहे. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं, "आय विल हेल्प माय फ्रेंड". "मला भीती वाटते" यातल्या 'मला'चा तिकडे 'मी' होतो, "आय ॲम अफ्रेड".

उताऱ्याखालच्या प्रश्नांत 'डिड' फार छळतो. "व्हाय डिड द बॉय रन?" याच्या उत्तरात 'डिड' निघून जातो आणि भूतकाळ क्रियापदात उतरतो: "द बॉय रॅन बिकॉज..." नकार आला की 'डिड' परत येतो आणि क्रियापद मूळ रूपात जातं: "ही डिड नॉट रन". "डिड नॉट रॅन" लिहिलं तर भूतकाळ दोनदा झाला. मुलांना हे सांगितलं की हसू येतं, आणि लक्षातही राहतं.

आजीला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. "हे उताऱ्यात कुठं लिहिलंय, बोट ठेव बघू," एवढं विचारलं तरी मूल उतारा पुन्हा वाचतं.

तेव्हा यापुढे ग्रुपवर प्रश्न टाकताना मुलाने स्वतः लिहिलेलं उत्तर, चुकांसकट, त्याच फोटोत असू द्या. उत्तर देणाऱ्या काका-मावशींनी चूक कुठे आहे तेवढंच दाखवावं, नवीन उत्तर लिहून पाठवू नये. आणि फोटो रात्री ९ च्या आत टाका, त्यानंतर घरोघरी नामस्मरण सुरू असतं.