माध्यमिक शाळेतील इंग्रजी, वृत्तलेखन आणि भाषण : काय अपेक्षावे?

गोव्याच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले मराठी अथवा कोंकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण होतात आणि पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसतात. माध्यमिक वर्गांत येईपर्यंत गणित, विज्ञान, भूगोल हे सारे विषय त्यांना इंग्रजीतून शिकावे लागतात. अशा मुलांच्या दृष्टीने इंग्रजी हा अनेक विषयांपैकी एक विषय राहत नाही. ते इतर विषयांत शिरण्याचे दार होऊन बसते. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला कित्येकदा विज्ञान येत असते, परंतु प्रश्न नेमका काय विचारला आहे हेच उमगलेले नसते. नववी-दहावीत शाळा सोडण्याचा विचार घरात सुरू होतो, तेव्हा त्यामागे अनेकदा ही भाषेची अडचण असते.

यास्तव इंग्रजीच्या तासाला काय घडते, त्याला जोडून येणारे वृत्तलेखन व भाषण यांचे शिक्षण कशासाठी असते आणि त्यापासून कोणत्या फळाची अपेक्षा करावी, याचा विचार पालक, शिक्षक आणि शिक्षणखात्यातील अधिकारी या सर्वांनी मिळून करणे इष्ट आहे.

इंग्रजीचा तास

मुलगा फडाफडा इंग्रजी बोलू लागला म्हणजे त्याला इंग्रजी आले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः भाषाशिक्षणाची चार अंगे आहेत : ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे. माध्यमिक स्तरावर वाचन आणि लेखन यांस अधिक वेळ दिला जातो, कारण पुढील शिक्षणाचा भार त्यांवरच पडतो. पाठ्यपुस्तकातील गद्य व पद्य पाठ, अवांतर वाचन, व्याकरण, पत्र, निबंध, सारांशलेखन आणि न पाहिलेल्या उताऱ्यावरील प्रश्न असे या अभ्यासाचे सामान्य स्वरूप असते.

यांपैकी न पाहिलेला उतारा हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पाठ केलेली उत्तरे तेथे उपयोगी पडत नाहीत. विद्यार्थ्याला वाचता येते किंवा नाही याची खरी परीक्षा तेथेच होते. बाजारी प्रश्नोत्तरसंच वर्षभर पाठ करणारा विद्यार्थी चाचणीत निभावून जातो, परंतु अकरावीत नवे पुस्तक हाती येताच गोंधळतो.

मराठी बोलणाऱ्या मुलाच्या इंग्रजीत ठराविक चुका वारंवार आढळतात. त्या मुलाच्या मंदबुद्धीमुळे होत नसून दोन भाषांच्या निरनिराळ्या घडणीमुळे होतात, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे आणि पालकांनाही सांगावे. त्यांतील काही ठळक भेद असे :

१. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते आणि कर्म त्यानंतर.

२. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत अशी रचना नाही.

३. मराठीत ‘टेबलावर’, ‘घरात’ असे प्रत्यय वा शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून लागतात. इंग्रजीत तोच अर्थ दाखविणारा शब्द नामाच्या आधी येतो.

४. इंग्रजीतील ‘अ’, ‘ॲन’ व ‘द’ या उपपदांना मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. म्हणून विद्यार्थी ती गाळतो किंवा नको तेथे घालतो.

५. ‘मी दोन वर्षे येथे राहतो’ हा मराठीतील साधा वर्तमानकाळ इंग्रजीत चालत नाही. तेथे ‘आय हॅव लिव्हड हियर फॉर टू इयर्स’ अशी रचना करावी लागते. आपल्याकडे मात्र ‘आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य सर्रास ऐकू येते.

उच्चारांचीही तीच गोष्ट. बनियन या अर्थाचा ‘वेस्ट’ आणि पश्चिम दिशा या अर्थाचा ‘वेस्ट’ हे देवनागरीत एकसारखेच लिहिले जातात. इंग्रजीत पहिल्याच्या आरंभी ओठ दातांना लागतो, दुसऱ्याच्या आरंभी ओठांचा चंबू होतो. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना जोर पहिल्या अवयवावर पडतो, क्रियापद असताना दुसऱ्यावर. असे भेद ऐकल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून शिक्षकाने रोज निदान पाच मिनिटे मोठ्याने, सावकाश व स्पष्ट वाचून दाखविणे अत्यंत आवश्यक आहे.

मातृभाषेच्या आधाराने शिकविले म्हणजे इंग्रजी कच्चे राहते, ही भीतीही निराधार आहे. वरील भेद समजावून देताना मराठी वाक्य व इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्यास चूक कोठे होते हे मुलाला आपण होऊन दिसते.

वृत्तलेखन

आपल्याकडील बहुतेक माध्यमिक शाळांत वृत्तपत्रविद्या हा स्वतंत्र विषय नसतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमात अकरावी-बारावीला प्रसारमाध्यमांचा विषय निवडण्याची सोय आहे. अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत वृत्तलेखन व भाषण यांचे वेगळे वर्ग चालतात आणि विद्यार्थी शाळेचे वृत्तपत्र स्वतः काढतात. आपल्या विद्यार्थ्याला हे शिक्षण भाषेच्या पुस्तकातील वृत्तान्तलेखन, संपादकास पत्र, शाळेचे भित्तिपत्रक आणि हस्तलिखित वार्षिक यांच्याद्वारे मिळते. साधने साधी असली तरी शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

मराठी वृत्तपत्राचा जन्मच मुळी इंग्रजीच्या शेजारी झाला. पोंभुर्ले येथील बाळशास्त्री जांभेकर यांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जात असे. 1881 साली पुण्यात ‘केसरी’ मराठीतून व ‘मराठा’ इंग्रजीतून निघू लागला. दोन भाषांत लिहिण्याची परंपरा आपणांस नवी नाही.

बातमी लिहिताना काय, कोठे, केव्हा, कोणी, का आणि कसे या सहा प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावयाची असते. समजा, विद्यार्थ्याने लिहिले : ‘आमच्या शाळेत एक सुंदर कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला.’ यातून वाचकास काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘शाळेच्या विहिरीचा गाळ नववीच्या चाळीस विद्यार्थ्यांनी व ग्रामस्थांनी मिळून रविवारी काढला, त्यामुळे गेले महिनाभर बंद असलेले पाणी पुन्हा मिळू लागले’ असे लिहिले, तर एका वाक्यात सारी हकीकत येते. ‘सुंदर’ आणि ‘उत्साहात’ हे शब्द गेले, त्यांच्या जागी माणसे, दिवस आणि परिणाम आले.

दुसऱ्याचे म्हणणे सांगताना तर फारच जपावे लागते. ‘सरपंच म्हणाले की मी उद्या येईन’ या मराठी वाक्यात ‘मी’ म्हणजे सरपंच, हे आपणांस सहज कळते. तेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले तर ‘मी’ म्हणजे बातमी लिहिणारा विद्यार्थी असा अर्थ होतो. येणार सरपंच; वाचकाला वाटते विद्यार्थी येणार! म्हणूनच इंग्रजीच्या तासाला अप्रत्यक्ष कथनाचे नियम शिकविले जातात. व्याकरणाचा तो प्रकार निव्वळ गुणांसाठी नसून एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी जाऊ नये यासाठी आहे.

वृत्तलेखनाचा दुसरा धडा म्हणजे दुसरी बाजू विचारणे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात 1983 साली हेझलवुड ईस्ट या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातील दोन पाने छापण्यापूर्वी वगळली. त्यांत आईबापांच्या घटस्फोटासंबंधी एक लेख होता, आणि त्यात ज्या पालकांविषयी लिहिले होते त्यांना उत्तर देण्याची संधी मिळालेली नाही, हा मुख्याध्यापकांच्या आक्षेपांपैकी एक होता. विद्यार्थी न्यायालयात गेले. 1988 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निर्णय दिला. त्या निर्णयाबद्दल तेथे आजही मतभेद आहेत आणि तो आपल्याकडे लागू नाही. परंतु ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला आधी विचारावे, हा धडा कोणत्याही गावच्या भित्तिपत्रकास लागू आहे.

आजच्या मुलाच्या हाती भ्रमणध्वनी आहे. त्यावर येणारा प्रत्येक मजकूर तो पुढे धाडू शकतो, म्हणजे एका अर्थी तो नकळत वार्ताहर झाला आहे. हे कोणी म्हटले, केव्हाचे आहे, दुसरीकडे याची खातरजमा होते काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय शाळेत लागली तर गावातील कितीतरी भांडणे व फसवणुकी टळतील.

भाषण

भाषणाचे शिक्षण म्हणजे वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळविणे नव्हे. दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण हातवारे करून म्हणून दाखविणारे मूल पुष्कळदा बक्षीस घेऊन जाते. परंतु त्यास त्याच विषयावर एखादा साधा प्रश्न विचारला तर ते गप्प होते. वर्गात अपेक्षित असते ते निराळे : स्वतः विचार करणे, तो क्रमाने मांडणे आणि ऐकणाऱ्याला उत्तर देणे.

सावकाश व स्पष्ट बोलणारा वक्ता मिनिटाला सुमारे शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. तीन मिनिटांच्या भाषणाला म्हणून तीनशे ते साडेतीनशे शब्द पुरेत. त्यात एकच मुख्य मुद्दा, त्याची दोन कारणे आणि एखादे उदाहरण एवढेच मावते. सहा मुद्दे कोंबणाऱ्याचा एकही मुद्दा श्रोत्यांच्या लक्षात राहत नाही. संपूर्ण भाषण पाठ करण्याऐवजी चार-पाच टिपणे एका कागदावर घेऊन बोलण्याचा सराव करावा. पाठांतरात एक वाक्य विसरले की सारेच कोसळते. टिपणांवरून बोलणारा पुढच्या मुद्द्याकडे जाऊ शकतो.

लाजाळू मुलांची काळजी विशेष घ्यावी. प्रथम शेजाऱ्याशी, मग चौघांच्या गटात, त्यानंतर वर्गापुढे असा क्रम ठेवल्यास भीती कमी होते. बोलत असताना मध्येच चूक दुरुस्त करू नये. बोलणे संपल्यावर एक-दोन चुकाच दाखवाव्यात. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला तोच विषय आधी मराठीत वा कोंकणीत मांडू द्यावा. विचार तयार असला की भाषेचे काम अर्धे होते.

मराठी समाजाला व्याख्यानांची मोठी परंपरा आहे. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली सुरू झाली. परंतु व्यासपीठ लाभणारे थोडे; ग्रामसभेत उभे राहावयाचे ते मात्र प्रत्येक मतदाराने. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणीला वा तरुणाला आपल्या वाड्यावरील पाण्याचा, रस्त्याचा प्रश्न दोन मिनिटांत नीट मांडता यावा आणि मिळालेले उत्तर लक्षपूर्वक ऐकता यावे, हे शाळेतील भाषणशिक्षणाचे खरे फळ होय.

पालकांनी व शाळेने काय करावे

इंग्रजी न येणाऱ्या आईबापांना आपण काही करू शकत नाही असे वाटते. ते बरोबर नाही. मुलाने पाठ मोठ्याने वाचावा व त्याचा अर्थ आपल्या भाषेत आईला सांगावा, एवढे रोज पंधरा मिनिटे केले तरी वाचलेले समजले की नाही हे दोघांनाही कळते. वहीतील लाल खुणांवरून मुलास रागावण्यापेक्षा त्या चुका दुरुस्त करून पुन्हा लिहिल्या आहेत काय, हे पाहावे. लाल खूण न दिसणारी वही नेहमीच चांगली असते असे नाही. कदाचित ती तपासलेलीच नसेल.

पालक-शिक्षक संघाच्या सभेत पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. आठवड्यातून किती वेळा विद्यार्थी स्वतःच्या वाक्यांत काही लिहितात व ते तपासून परत मिळते काय?

२. प्रत्येक मुलाला सत्रातून निदान एकदा तरी वर्गापुढे बोलण्याची संधी मिळते काय, की स्पर्धेसाठी निवडलेली तीच दोन-तीन मुले बोलतात?

३. शाळेत वर्तमानपत्र येते काय, आणि ते कार्यालयातच राहते की वर्गापर्यंत पोहोचते?

४. पाचवीत माध्यम बदलून आलेल्या मुलांसाठी वेगळ्या मार्गदर्शनाची काय व्यवस्था आहे?

प्रगती महिन्या-दोन महिन्यांत दिसणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. परक्या भाषेत आधी समजू लागते, मग वाचता येते, बोलणे व लिहिणे त्यामागून येते. या काळात शिक्षकाने धीर सोडू नये आणि घरच्यांनी शाळा सोडविण्याची घाई करू नये. दहावीच्या अखेरीस विद्यार्थ्याला अनोळखी उतारा वाचून समजला, एक अर्ज व एक वृत्तान्त स्वतः लिहिता आला आणि चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे सांगता आले, तर त्याच्या पुढील शिक्षणाचा पाया पक्का झाला असे खुशाल समजावे.