घटक ६ : मराठीच्या अध्यापनात बहुविध बुद्धिमत्तांचा उपयोग

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• बहुविध बुद्धिमत्तेची संकल्पना आणि तिची पार्श्वभूमी स्पष्ट करता येईल.
• आठ बुद्धिमत्तांचा मराठी भाषेच्या अध्यापनाशी असलेला संबंध सांगता येईल.
• या संकल्पनेच्या आधारे मराठीच्या एका पाठाचे नियोजन करता येईल.
• या सिद्धान्ताच्या मर्यादा ओळखून त्याचा जबाबदारीने उपयोग करता येईल.

६.२ प्रास्ताविक

मराठीत एका अक्षराला फार मोठी शिक्षा झालेली आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या प्रवासात इतर अक्षरांची वळणे बदलली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला, म्हणून न बदलणाऱ्या, न शिकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू लागले, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती खरी असो वा नसो, या शब्दामागील समजूत मात्र आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. बुद्धी एकच असते, ती कमी किंवा जास्त असते आणि ज्याची कमी तो तसाच राहतो, ही ती समजूत होय. आपल्यापैकी काहींचे औपचारिक शिक्षण मध्येच थांबण्यामागेही कदाचित हाच शिक्का असेल.

जयसिंगपुरातील एखाद्या शाळेचा सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने हे गाव वसवले. आज अशा वर्गात ऊस उत्पादक शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची आणि कामगारांची मुले शेजारी शेजारी बसतात. सीमाभाग जवळ असल्याने काहींच्या घरी कन्नड बोलली जाते, काहींच्या घरी उर्दू. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांबरोबर आलेली मराठवाड्यातील मुले या परिसरातील शाळांत दिसू शकतात. या सर्वांपुढे पाठ्यपुस्तक एकच असते. शिक्षक धडा वाचतात, अर्थ सांगतात, प्रश्नोत्तरे लिहून देतात. वाचून आणि लिहून चटकन शिकणारी मुले पुढे जातात, उरलेली हळूहळू मागच्या बाकांवर सरकतात.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. शाळेचे दार सर्वांसाठी उघडण्याचे ते पाऊल होते. मात्र दारातून आत आलेल्या प्रत्येक मुलाला पाठाच्या आत कसे न्यावयाचे, हा प्रश्न शिक्षकाला रोज नव्याने सोडवावा लागतो. प्रस्तुत घटकात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ एका संख्येपासून अनेक बुद्धिमत्तांकडे

चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली निरनिराळ्या क्षमतांच्या मुळाशी एक सामान्य बौद्धिक घटक असल्याचे मत मांडले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य श्रेणी तयार केली. शाळेत अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखणे, हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतः ठरलेली व अचल असते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे मात्र मदतीसाठी योजलेल्या या साधनाचा वापर अनेक ठिकाणी मुलांची वर्गवारी करण्यासाठी झाला. आपल्या भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. ती कसोटी ‘बिने–कामत कसोटी’ या नावाने ओळखली जाते.

हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली. आपल्या संस्कृतीत मोलाची मानली जाणारी समस्या सोडविण्याची किंवा वस्तू घडविण्याची क्षमता म्हणजे बुद्धिमत्ता, असा त्यांच्या व्याख्येचा आशय आहे. मेंदूला इजा झाल्यावर एखादी क्षमता जाते आणि दुसरी शाबूत राहते, एखाद्या मुलात एकच क्षमता असाधारण असते, यांसारखे निकष लावून त्यांनी सात बुद्धिमत्ता निश्चित केल्या. १९९०च्या दशकात त्यांनी ‘निसर्गविषयक’ ही आठवी बुद्धिमत्ता जोडली.

६.३.२ आठ बुद्धिमत्ता आणि मराठीचा तास

१. भाषिक : शब्दांच्या अर्थछटा, नाद आणि रचना यांची जाण. गोष्ट रंगवून सांगणारे, म्हणी सहज वापरणारे मूल.
२. तार्किक-गणिती : क्रम, कारण आणि नियम शोधण्याची क्षमता. व्याकरण आणि वृत्तविचार यांत ही उपयोगी पडते.
३. अवकाशीय : आकार, दिशा आणि चित्र मनात उभे करणे. स्थळवर्णन समजण्यास व लिहिण्यास साहाय्यक.
४. संगीतविषयक : लय, ताल, स्वर यांची जाण. कविता, ओवी, पोवाडा यांच्याशी जवळचे नाते.
५. शारीरिक-गतिविषयक : शरीराने अर्थ व्यक्त करणे, हातांनी घडविणे. नाट्यीकरणात ही विशेष दिसते.
६. आंतरव्यक्ती : दुसऱ्याचे मन जाणणे. कथेतील पात्रांचे हेतू ओळखण्यासाठी आवश्यक.
७. व्यक्त्यंतर्गत : स्वतःच्या भावना व मर्यादा यांचे भान. आत्मकथनपर लेखनाचा पाया.
८. निसर्गविषयक : वनस्पती, प्राणी, ऋतू यांतील साम्य-भेद ओळखणे.

या यादीविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रत्येक व्यक्तीत या आठही क्षमता असतात, त्यांचे प्रमाण वेगवेगळे असते. शिवाय कोणतेही खरे काम एकाच क्षमतेवर पूर्ण होत नाही. कीर्तनकार शब्द, स्वर, देहबोली आणि श्रोत्यांची नाडी हे सारे एकाच वेळी सांभाळत असतो.

आपली प्रगती तपासा – १
अ) गार्डनर यांच्या मूळ मांडणीत किती बुद्धिमत्ता होत्या?
आ) बिने यांच्या श्रेणीचा मूळ हेतू कोणता होता?

६.३.३ महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

मुलाच्या अनेक क्षमतांना वाव देणारे शिक्षण आपल्याकडे या सिद्धान्ताच्या आधीपासून आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठी शिक्षणविचाराला मिळाला. पाने, बिया, गाणी, मुलांची बोली हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांच्या पुढाकाराने १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू झाले. अनुभव, प्रकल्प आणि मुलांची अभिव्यक्ती यांना या शाळेने अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले. या दोन्ही प्रयोगांचा उगम गार्डनर यांच्या सिद्धान्तात नाही, तो मुलाच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणात आहे. गार्डनर यांच्या मांडणीने अशा निरीक्षणाला एक उपयुक्त परिभाषा दिली, एवढे म्हणणे रास्त ठरेल.

६.३.४ नमुना पाठ : अभंग छंदाची ओळख

बहुविध बुद्धिमत्तांचा उपयोग म्हणजे प्रत्येक तासाला आठ उपक्रम घेणे नव्हे. आशयाला स्वभावतःच ज्या क्षमता जवळच्या आहेत, त्यांची निवड करावी. हे एका उदाहरणाने पाहू.

मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अशी एकूण बावीस अक्षरे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी बहुधा यमक असते. हा अक्षरछंद असल्याने ऱ्हस्व-दीर्घ मोजले जात नाही आणि जोडाक्षर एकच अक्षर धरले जाते. ही माहिती फळ्यावर लिहून दिली, तर मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. तीच पुढीलप्रमाणे शोधावयास लावता येईल.

पहिली तासिका : शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातील एक अभंग टाळीच्या ठेक्यावर म्हणावा. जयसिंगपूरपासून जवळच कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. तेथील पालखी किंवा आपल्या गल्लीतील भजन पुष्कळ मुलांनी ऐकलेले असते. ज्यांच्या घरी टाळ आहे त्यांना तो आणण्यास सांगावे. मुलांनी ठेका धरून, पावली टाकत अभंग म्हणावा. अर्थाची चर्चा अद्याप करू नये, मात्र ‘आवाज कोठे थांबला?’ हा एकच प्रश्न विचारावा. मुले थांबा दाखवतील आणि चरणांची विभागणी त्यांच्या हाती येईल.

दुसरी तासिका : चार-चार मुलांच्या गटांनी चौकटी आखून एका चौकटीत एक अक्षर लिहावे. चौथी ओळ आखूड दिसते, हे मुलांच्या डोळ्यांना चटकन जाणवते. गटांनी नियम स्वतः शब्दांत मांडावा. येथे एक अडचण हमखास उभी राहते. एखाद्या चरणात अक्षरे सहाऐवजी सात किंवा पाच भरतात. मोजणारे मूल म्हणते, ‘नियम चुकला’. गाणारे मूल तो चरण म्हणून दाखवते आणि दोन अक्षरे जवळ घेतल्यावर किंवा एक लांबवल्यावर तो ठेक्यात कसा बसतो, हे सर्वांना ऐकू येते. अभंग आधी गाण्यासाठी आहे आणि नंतर कागदासाठी, हे छंदाचे मर्म येथे उलगडते. ते एकट्या मोजणाऱ्याला सापडले नसते आणि एकट्या गाणाऱ्याला सांगता आले नसते.

तिसरी तासिका : आता अर्थाकडे वळावे. कवी कोणाशी बोलतो आहे, त्याची तक्रार किंवा विनवणी काय आहे, यावर जोड्यांनी चर्चा करावी. शेवटी प्रत्येकाने आपल्या परिसरातील विषयावर, उदाहरणार्थ ऊस, आठवडी बाजार किंवा नदी, अभंग छंदात एक कडवे लिहावे.

ही शेवटची पायरी कधीही गाळू नये. टाळ वाजवला, चौकटी भरल्या, पण मुलाच्या हातून चार ओळी उतरल्या नाहीत, तर तास आनंदाचा झाला असला तरी भाषेचा झाला नाही. दारे अनेक असावीत, परंतु प्रत्येक दाराने मूल भाषेच्या घरात पोहोचले पाहिजे.

वर्णनात्मक लेखनासाठीही अशी रचना करता येते. शिरोळ तालुक्याने २००५ आणि २०१९ सालचे महापूर पाहिले आहेत. वडीलधाऱ्यांच्या मुलाखती, पाणी कोठपर्यंत आले याचा नकाशा, घटनांचा क्रम यांतून उत्तम लेखन घडू शकते. मात्र ज्याचे घर पाण्यात गेले, अशा मुलावर स्वतःचा अनुभव लिहिण्याची सक्ती करू नये. त्याने नकाशा काढला किंवा दुसऱ्याचे कथन लिहून घेतले तरी ते पुरेसे मानावे.

आपली प्रगती तपासा – २
अ) मोठ्या अभंगाच्या एका कडव्यातील अक्षरसंख्या सांगा.
आ) नमुना पाठातील तिसरी तासिका का गाळू नये?

६.३.५ मूल्यमापन

अध्यापन आठ वाटांनी आणि परीक्षा मात्र एकाच वाटेने, अशी विसंगती राहिल्यास मुले लवकरच ओळखतात की शेवटी महत्त्व कशाला आहे. महाराष्ट्रात २०१० पासून सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी विविध साधने आहेत. नमुना पाठातील गायन हे तोंडी काम, चौकटींचा तक्ता हा उपक्रम, तर स्वतः लिहिलेले कडवे हा स्वाध्याय म्हणून नोंदविता येईल. नोंद लिहिताना ‘चांगला’, ‘सामान्य’ असे शेरे टाळावेत. ‘चरण अचूक ओळखतो, अक्षरे मोजताना जोडाक्षरात गोंधळतो’ अशी नोंद पुढच्या अध्यापनाला दिशा देते.

६.३.६ सिद्धान्ताच्या मर्यादा

१. पुराव्याचा प्रश्न : या आठ बुद्धिमत्ता परस्परांपासून स्वतंत्र आहेत, यास पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याचा आक्षेप अनेक मानसशास्त्रज्ञ घेतात. वेगवेगळ्या बौद्धिक कसोट्यांतील गुण बरेचदा एकत्र वाढताना दिसतात. गार्डनर ज्यांना बुद्धिमत्ता म्हणतात त्यांतील काहींना कौशल्य किंवा कल म्हणणे अधिक योग्य, असेही मत आहे.

२. अध्ययनशैलीशी गल्लत : ‘हे मूल ऐकून शिकते, ते पाहून शिकते’ अशी विभागणी म्हणजे बहुविध बुद्धिमत्ता नव्हे. गार्डनर यांनीही ही गल्लत नाकारली आहे. हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली घेतलेल्या आढाव्यात, मुलाची शैली ठरवून त्यानुसार शिकविल्याने अध्ययन सुधारते, यास पुरेसा पुरावा आढळला नाही. म्हणून एका मुलाला एक वाट नेमून देऊ नये. एकच आशय अनेक वाटांनी सर्वांपुढे ठेवावा.

३. वरवरचा उपयोग : व्याकरणाचे नियम एखाद्या लोकप्रिय चालीवर म्हणून घेतल्याने पाठांतर सोपे होईल, पण त्यामुळे संगीतविषयक बुद्धिमत्तेचा विकास होत नाही.

४. नवा शिक्का : ‘ढ’ हा शिक्का पुसून ‘हा गतिविषयक बुद्धीचा, याला वाचन जमणार नाही’ असा नवा शिक्का मारणे, हा सर्वांत मोठा धोका आहे. समजा, हंगामात आलेला एक मुलगा उत्तम हलगी वाजवतो, पण अडखळत वाचतो. त्याची हलगी वर्गात वाजली पाहिजे, हे खरेच. परंतु तेवढ्यावर समाधान मानून त्याच्या वाचनाकडे दुर्लक्ष केले, तर आपण त्याचे कौतुक करून त्याला शिक्षणातून वगळले, असेच होईल. त्याच्या लयीच्या जाणिवेपासून सुरुवात करून त्याला अस्खलित वाचनापर्यंत नेणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

६.४ सारांश

बुद्धी एकच व मोजता येण्याजोगी असते, या मतापुढे गार्डनर यांनी बहुविध बुद्धिमत्तेची मांडणी ठेवली. शास्त्र म्हणून तिच्यावर गंभीर आक्षेप आहेत. अध्यापनाच्या नियोजनासाठी मात्र ती उपयुक्त दृष्टी देते. मराठीच्या तासात लय, चित्र, तर्क, संवाद यांच्या साहाय्याने आशयाकडे जाण्याच्या अनेक वाटा खुल्या करता येतात. त्या वाटा आशयाला साजेशा असाव्यात आणि त्यांचा शेवट वाचन-लेखनाच्या प्रगतीत व्हावा. मुलांची वर्गवारी करण्यासाठी या सिद्धान्ताचा वापर करू नये.

६.५ पारिभाषिक शब्द

अक्षरछंद : चरणातील अक्षरांच्या संख्येवर आधारलेला छंद.
आकारिक मूल्यमापन : अध्ययन चालू असताना, सुधारणेसाठी केलेले मूल्यमापन.
व्यक्त्यंतर्गत बुद्धिमत्ता : स्वतःला समजून घेण्याची क्षमता.

६.६ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१. अ) सात. आ) शाळेत अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखणे.
२. अ) बावीस. आ) अर्थग्रहण आणि लेखन घडल्याशिवाय भाषेच्या अध्यापनाचे उद्दिष्ट पूर्ण होत नाही.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. बहुविध बुद्धिमत्तेची संकल्पना स्पष्ट करून तिच्या मर्यादांची चर्चा करा.
२. ‘दारे अनेक असावीत, परंतु प्रत्येक दाराने मूल भाषेच्या घरात पोहोचले पाहिजे.’ या विधानाचे सोदाहरण विवेचन करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा परिसरातील एका मुलाचे आठवडाभर निरीक्षण करा. ते कोणत्या कामात रमते, कोठे अडते, याच्या नोंदी कोणताही शेरा न मारता लिहा. त्या आधारे त्या मुलासाठी मराठीच्या एका पाठाचे नियोजन करा. आपण नोकरी सांभाळून अभ्यास करणारे विद्यार्थी असाल, तर हेच निरीक्षण स्वतःविषयी करा. याच पुस्तिकेतील एखादा घटक मोठ्याने वाचून, तक्ता काढून आणि सहाध्यायाला समजावून सांगून अभ्यासा. त्यानंतर पुस्तक मिटून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा.