एका काडीचे गुलदान : विकण्यापूर्वी शिकण्याचा धडा

आमचा धंदा कापडाचा, दुकान ताडकळसला. लग्नसराईत गिऱ्हाईक कपड्याबरोबर भेटवस्तूही विचारते, म्हणून आम्ही बिदरी कामाची दोन लहान गुलदाने आणून ठेवली. हा माल आपल्या भागाला परका नाही. परभणीहून परळी, उदगीरमार्गे लोहमार्ग बिदरला जातो आणि १९५६ पर्यंत परभणी व बिदर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते.

मोठा गुच्छ रोज घेणे सर्वांना परवडत नाही. निशिगंधाची एक काडी किंवा मनीप्लांटचे एक कलम ठेवता येईल असे अरुंद तोंडाचे गुलदान मात्र लहान घरातही शोभते. एका गिऱ्हाइकाने विचारले, "यात पाणी चालेल ना?" आम्ही कसलीही माहिती न घेता "खुशाल भरा" म्हणालो. महिन्याभरात गुलदान परत आले. आत पांढरी पूड धरली होती, पाणी ओघळले तिथला काळा रंग डागाळला होता आणि कलम कुजले होते. आम्ही पैसे परत केले. चूक आमच्या जिभेची होती, पण गिऱ्हाईक नावे ठेवत होते कारागिराला.

मग आम्ही हे काम नीट समजून घेतले. बिदरीची धातू म्हणजे जस्त आणि थोडे तांबे. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. मातीच्या साच्यात ओतीव काम झाले की कानशीने घासतात. मोरचुदाच्या पाण्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा करून त्यावर नक्षी कोरतात आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदर किल्ल्याची माती व नवसागर यांचा लेप गरम वस्तूवर चोळतात. धातू काळी होते, चांदी पांढरीच राहते. म्हणजे तो काळा रंग वरून लावलेला नाही, पण पाणी साचून राहिले तर तो टिकतही नाही. जस्त-तांबे पाण्यात उतरले तर कोवळ्या मुळांनाही अपाय होतो.

उपाय सोपा आहे. गुलदानात काचेची नळी बसवावी. पाणी नळीत, नक्षी बाहेर. कारागिराने पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नळी आधी घ्यावी, गुलदानाचे तोंड तिच्या मापाने करावे. नळी सहज बाहेर निघाली पाहिजे.

२. बूड रुंद व जड ठेवावे. कलम वाढले की वजन वर जाते आणि हलके गुलदान कलंडते.

३. बोट फिरवून पाहावे. तार कुठेही बोटाला लागता कामा नये.

दुकानदाराने पावतीवर चांदी की पितळ ते स्पष्ट लिहावे आणि तोंडी इतके सांगावे : कलमाचे किमान एक पेर पाण्यात हवे, कारण मुळे पेरापाशी फुटतात, पाने पाण्याबाहेर ठेवावीत, पाणी आठवड्याने बदलावे, फुलाची काडी तिरपी कापावी. गुलदान कोरड्या फडक्याने पुसावे, चिंच किंवा राखेने घासू नये.

भाव मात्र वजनावर करू नका. कापडात जरीकाम वजनावर विकत नाहीत, मग इथे का? धातू थोडी असते, मेहनत बरीच. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सन्मानाने एकट्याने चूल पेटत नाही. लहान वस्तू विकली गेली, घरात टिकली आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले, तरच कारागिराची मुले या कामाला बसतील.

आता आम्ही नळीशिवाय गुलदान दुकानात ठेवत नाही. आणि माहीत नसलेल्या मालाबद्दल "खुशाल" हा शब्द वापरत नाही.