खप आणि गुण

एखाद्या कलाकृतीचें मोल तिच्या खपावरून ठरवावें काय, असा प्रश्न आमचे विद्यार्थी वारंवार विचारतात. त्याचा विचार करण्यास निक ड्रेक या इंग्रज गीतकार-गायकाची 'पिंक मून' ही ध्वनिमुद्रिका चांगली उपयोगी पडेल.

निकचा जन्म १९४८ सालीं रंगून येथें झाला. त्याचे वडील मुंबईंत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या तेथील नोकरींत होते. पुढें इंग्लंडांत वाढलेला हा मुलगा केंब्रिज येथें इंग्रजी वाङ्मयाचें अध्ययन करीत असतां, पदवी न घेतांच संगीताकडे वळला. त्याच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत अनेक वाद्यांची साथ होती. तिसरी 'पिंक मून' मात्र ऑक्टोबर १९७१ मध्यें लंडन येथें अवघ्या दोन रात्रींत मुद्रित झाली. तींत गीतें ११, अवधि सुमारें २८ मिनिटें. एक कंठ व एक गिटार. केवळ शीर्षकगीतांत पियानोचे थोडे स्वर.

हें वादन साधें वाटतें, पण साधें नाहीं. गिटारच्या सहा तारा सामान्यतः ठराविक स्वरांत लावितात. निक गीतागणिक त्या निराळ्या लावी. त्यामुळें मोकळ्या तारा तंबोऱ्याप्रमाणें गाण्याखालीं घुमत राहत. परंतु सभागृहांत दोन गीतांमध्यें तारा पुन्हा लावण्यांत वेळ जाई व श्रोते चुळबुळूं लागत. जो गुण, तीच अडचण! स्वभावानें अबोल असल्यामुळें त्यानें कार्यक्रम करणें सोडलें, मुलाखतीही टाळिल्या. १९७२ सालीं निघालेल्या ह्या ध्वनिमुद्रिकेच्या प्रती फारच थोड्या खपल्या. खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेला निक १९७४ सालीं, वयाच्या २६ व्या वर्षीं वारला. पुढें जाणत्यांनीं तिची थोरवी ओळखिली. १९९९ सालीं अमेरिकेंत एका मोटारीच्या जाहिरातींत शीर्षकगीत वाजलें आणि खप एकाएकी वाढला. गीत तेंच होतें. बदलले ते ऐकणारे.

यावरून, जें खपत नाहीं तें थोरच, असा उलटा सिद्धान्त कोणीं काढूं नये. न खपलेलें पुष्कळसें सुमारच असतें. खप हा कृति व ग्राहक यांची गांठ पडली कीं नाहीं एवढेंच सांगतो. गुणाची पारख मन लावून ऐकल्यावांचून होत नाहीं. आणि ती झाल्यावर दोन शब्द कर्त्याच्या कानीं घालण्यास विलंब करूं नये. निकच्या वांट्यास आलेली कीर्ति त्याच्या उपयोगीं पडली नाहीं.