गव्हाणी घुबडाची पिल्ले : एक निरीक्षणपाठ

गोठ्याचा माळा, पडक्या वाड्याची भिंत, क्वचित विहिरीतील कपार, अशा ठिकाणी गव्हाणी घुबडाची जोडी पिल्ले वाढविते. पत्त्यांतील बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, ही याची खूण. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला हात जोडावयाचे, तोच माळ्यावर दिसताच दगड उचलावयाचा, ही रीत शेतकऱ्याला परवडणारी नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यास मारणे हा गुन्हा आहे.

मादी साधारणतः चार ते सात अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते व पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते. त्यामुळे महिनाभराने पिल्ले एकदम न निघता पाठोपाठ निघतात. थोरले पिल्लू अंगाने भरलेले, तर धाकटे नुकतेच डोके उचलू लागलेले असते. उंदीर मुबलक असल्यास बहुतेक पिल्ले जगतात. तुटवडा पडला की प्रथम धाकटी दगावतात. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले उडू लागतात.

निरीक्षणासाठी माळ्यावर शिडी लावू नये. अंडी असताना मादी बिचकल्यास घरटे सोडून जाते. दिवेलागणीस दूर अंतरावर स्तब्ध बसावे, विजेरीचा झोत टाकू नये. अंधार पडताच पिल्लांचा घोरल्यासारखा फुसफुसाट ऐकू येतो. नर व मादी उंदीर घेऊन किती वेळा येतात, ते मोजावे.

घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची काळसर गोळी तोंडावाटे टाकते. अशा गोळ्या घरट्याखाली सापडतात. एक गोळी कोमट पाण्यात भिजवून काडीने उकलावी. आतील कवट्या मोजता येतात. पुढे पटाशीचे लांब दात, नंतर मोकळी जागा व मग दाढा असल्यास ती उंदराची कवटी. दातांची ओळ सलग असल्यास चिचुंदरीची. शाळेतील मुलांना हे काम फार आवडते.

पिल्ले घरट्यात असताना ब्रोमॅडिओलोनचे आमिष मात्र जवळपास ठेवू नये. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, घुबडाच्या सहज हाती लागतो, आणि त्याच्या शरीरातील विष पिल्लांपर्यंत पोहोचते. त्या काळात घराभोवती पिंजरे लावावेत. दूरच्या शेतात आमिष वापरणे भागच पडल्यास रोज सकाळी मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत.